'विहित मर्यादेत' म्हणजे काय? विज्ञान आणि समाज या विषयावरील बारा आठवड्यांच्या एका अभ्यासक्रमाचे परीक्षण

पिण्याच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत मी अठरा वर्षे काम करते आहे. नमुन्याची बाटली येते, तिच्यावर सांकेतिक क्रमांक पडतो, नोंदवहीत वेळ लिहिली जाते आणि काही दिवसांनी छापलेल्या अहवालाच्या शेवटच्या रकान्यात 'विहित मर्यादेत' किंवा 'मर्यादेबाहेर' यांपैकी एक शेरा उमटतो. अहवाल घ्यायला आलेल्या एका बाईंनी दोन वर्षांपूर्वी मला विचारले, "ही मर्यादा कोणी ठरवली?" मी सवयीने मानकाचा क्रमांक सांगितला. त्या म्हणाल्या, "क्रमांक नको, ठरवणारी माणसं कोण ते सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हते. आर्सेनिक कसे मोजायचे हे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. पण जो आकडा ओलांडला की पाणी नापास होते तो आकडा कुठल्या खोलीत, कोणाच्या चर्चेतून आणि कशाकशाचा विचार करून ठरला, हे मला कोणी शिकवले नव्हते आणि मीही कधी विचारले नव्हते. विज्ञान आणि समाज यांच्या परस्परसंबंधांवरील दूरस्थ अभ्यासक्रमाला मी नाव नोंदवले ते या एका प्रश्नापायी.

अभ्यासक्रमाचे आणि तो चालवणाऱ्या संस्थेचे नाव मी येथे देत नाही. पुढे मला काही उणिवा स्पष्टपणे सांगायच्या आहेत, आणि असा अभ्यासक्रम निवडू पाहणाऱ्याला नावापेक्षा त्यात काय असावे हे कळणे अधिक उपयोगाचे आहे, असे मला वाटते. रचना साधी होती. दर आठवड्याला चार-पाच ध्वनिचित्रित व्याख्याने, दोन किंवा तीन वाचने, एक बहुपर्यायी प्रश्नावली, दर पंधरवड्याला एक थेट चर्चासत्र आणि अखेरीस तीन हजार शब्दांचा निबंध. आठवड्याला चार तास पुरतील असे माहितीपत्रकात म्हटले होते. प्रत्यक्षात वाचने नीट करायची तर सात तास लागतात, हे नोकरी करणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्यावे.

पहिले दोन आठवडे पायाभरणीचे होते आणि ते थोडे घाईत उरकले, असे माझे मत झाले. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये वैज्ञानिक समूहाचे जे चार संकेत मांडले, म्हणजे ज्ञान सर्वांच्या मालकीचे असणे, दाव्याची पारख दावा करणाऱ्याच्या जाती-धर्म-राष्ट्रावरून न करणे, निष्कर्षात स्वतःचा स्वार्थ न गुंतवणे आणि प्रत्येक दाव्याकडे संघटितपणे संशयाने पाहणे, ते संकेत व्याख्यात्यांनी नेमकेपणाने समजावले. आमच्या प्रयोगशाळेत नमुन्यावर मालकाचे नाव न लिहिता क्रमांक लिहितात, ही रोजची सवय त्यांपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्या संकेताशी थेट जोडलेली आहे, हे मला तेव्हा प्रथम जाणवले. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ बोरिस हेसेन यांनी १९३१ च्या लंडन परिषदेत न्यूटनच्या यामिकीची मुळे त्या काळातील नौकानयन, खाणकाम आणि तोफांच्या गरजांमध्ये शोधली, यावर मात्र जेमतेम दहा मिनिटे खर्च झाली. विज्ञानाच्या आशयाचाच सामाजिक अंगाने विचार करण्याचा तो आरंभीचा आणि धाडसी प्रयत्न होता. त्याला अर्धा आठवडा तरी मिळायला हवा होता.

तिसऱ्या आठवड्यापासून अभ्यासक्रमाला खरा सूर सापडला. विषय होता इंग्लंडमधील शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल यांचा हवेचा पंप. काचेच्या गोलातून हवा काढून घेतली की आत काय घडते हे सतराव्या शतकात प्रत्यक्ष पाहणारे लोक फार थोडे होते. मग जे तेथे नव्हते त्यांनी ते खरे का मानावे? बॉइल यांचे उत्तर असे होते, की प्रयोग प्रतिष्ठित साक्षीदारांसमोर करावा आणि त्याचे वर्णन इतक्या तपशिलाने लिहावे की वाचणाराही मनाने साक्षीदार व्हावा. तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज यांना हे मान्य नव्हते. बंद दाराआड निवडक माणसांनी पाहिलेले सर्वांसाठीचे ज्ञान कसे ठरते, असा त्यांचा आक्षेप होता. स्टीव्हन शेपिन आणि सायमन शॅफर या इतिहासकारांनी १९८५ मध्ये या वादाचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यावर हा आठवडा बेतलेला होता. मला सर्वाधिक भिडले ते शेपिन यांचे आणखी एक निरीक्षण. तो अवजड, सतत गळणारा पंप प्रत्यक्ष चालवणारे, त्याची डागडुजी करणारे आणि पुष्कळदा निरीक्षणे टिपणारे साहाय्यक, दोन-चार अपवाद सोडले तर, त्या लेखनात नावानिशी येतच नाहीत. साक्ष मोजली गेली ती सभ्य गृहस्थांची. उपकरण जुळवण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या व्यक्तीला हे ऐकताना काय वाटले असेल ते वेगळे सांगायला नको. ते व्याख्यान मी दोनदा ऐकले.

संपूर्ण अभ्यासक्रमातला सर्वोत्तम भाग मात्र सहाव्या आठवड्यात आला, आणि केवळ त्या एका आठवड्यासाठीही मी हा अभ्यासक्रम पुन्हा केला असता. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा अपघात झाला. किरणोत्सारी ढग युरोपभर पसरला आणि मे महिन्याच्या सुरुवातीला झालेल्या मुसळधार पावसाबरोबर त्यातील सीझियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य उत्तर इंग्लंडमधील कंब्रियाच्या डोंगराळ कुरणांवर, तसेच वेल्स आणि स्कॉटलंडच्या काही भागांवर उतरले. सुरुवातीला काळजीचे कारण नाही असे सांगण्यात आले. जूनमध्ये अचानक मेंढ्यांच्या विक्रीवर आणि कत्तलीवर बंदी आली. ती तीन आठवडे राहील, असे जाहीर झाले. शेवटचे निर्बंध उठले २०१२ मध्ये. म्हणजे तीन आठवड्यांची सव्वीस वर्षे झाली. संपूर्ण ब्रिटनमध्ये साडेनऊ हजारांहून अधिक शेते आणि चाळीस लाखांहून अधिक मेंढ्या या निर्बंधांखाली आल्या होत्या.

चूक नेमकी कुठे झाली, हे व्याख्यात्यांनी ज्या पद्धतीने उलगडले ती पद्धत शिक्षकांनी शिकून घ्यावी अशी आहे. सीझियम लवकरच जमिनीत अडकून पडेल आणि गवतात येणार नाही, हा तज्ज्ञांचा अंदाज चिकणमातीच्या जमिनीवरील अभ्यासावर आधारलेला होता. चिकणमातीचे कण सीझियमला खरोखरच घट्ट धरून ठेवतात. परंतु कंब्रियाच्या डोंगरांवरची जमीन आम्लधर्मी, कुजलेल्या वनस्पतींनी भरलेली, पीट प्रकारची आहे. तेथे सीझियम मोकळेच राहते, मुळांवाटे गवतात जाते, गवतातून मेंढीत आणि मेंढीच्या लेंडीतून पुन्हा जमिनीत. मोजमाप चुकलेले नव्हते, गणितही चुकलेले नव्हते. एका ठिकाणी खरे ठरलेले विधान दुसऱ्या ठिकाणी तपासून न पाहता लावले गेले होते.

ब्रायन विन या अभ्यासकाने त्या मेंढपाळांशी बोलून जे नोंदवले ते याहून महत्त्वाचे आहे. चिकणमातीसारख्या बेंटोनाइट या खनिजाची भुकटी गवतावर पसरली तर सीझियम कमी होते का, हे पाहण्यासाठी तज्ज्ञांनी कुंपण घातलेल्या लहान तुकड्यांत मेंढ्या ठेवल्या. डोंगरावर मोकळ्या हिंडणाऱ्या मेंढ्या कुंपणात कोंडल्या तर खंगतात, आणि खंगलेल्या मेंढीवरच्या मोजणीचा काही उपयोग नाही, असे शेतकऱ्यांनी आधीच सांगितले होते. कोणी ऐकले नाही. काही महिन्यांनी तो प्रयोग गाजावाजा न करता सोडून देण्यात आला. मेंढ्यांना गवताऐवजी पेंढा घाला, हा सल्लाही असाच होता. डोंगरी मेंढी पेंढ्याला तोंड लावत नाही, हे तेथल्या प्रत्येक मेंढपाळाला ठाऊक होते. त्यातच, याच भागातल्या विंडस्केल येथील अणुकेंद्राला १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये आग लागली होती आणि आसपासच्या सुमारे दोनशे चौरस मैलांतील दूध फेकून द्यावे लागले होते, ही आठवण लोकांच्या मनात ताजी होती. आताचे सगळेच प्रदूषण चेर्नोबिलचे आहे यावर त्यांचा विश्वास बसेना, आणि पुढे झालेल्या विश्लेषणातही त्या सीझियमचा काही भाग अधिक जुना असल्याचे दिसले.

या उदाहरणाचा उपयोग 'लोकांचे ज्ञान श्रेष्ठ, तज्ज्ञांचे ज्ञान खोटे' असे सांगण्यासाठी करणे सोपे होते. व्याख्यात्यांनी तसे केले नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. मेंढपाळांना सीझियम दिसत नव्हते, मोजताही येत नव्हते. त्यासाठी त्यांना प्रयोगशाळेवरच विसंबावे लागत होते. प्रयोगशाळेला मेंढी कळत नव्हती. दोन्ही ज्ञाने एका टेबलावर आली असती तर प्रयोग पहिल्याच आठवड्यात सुधारता आला असता, आणि ती तशी का आली नाहीत हा या विद्याशाखेचा प्रश्न आहे, अशी मांडणी त्यांनी केली. लोकांना विज्ञान कळत नाही म्हणून ते विश्वास ठेवत नाहीत, त्यांना अधिक माहिती पुरवली की विश्वास आपोआप येईल, ही समजूत किती अपुरी आहे हे मला यापेक्षा चांगल्या प्रकारे कोणी पटवून देऊ शकले नसते.

आठव्या आठवड्यात मला माझा स्वतःचा प्रश्न भेटला. विषय होता जोखीम आणि नियमन. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकसाठी १९५८ मध्ये लिटरला ०.२० मिलिग्रॅम ही मर्यादा सांगितली. १९६३ मध्ये ती ०.०५ झाली आणि १९९३ मध्ये ०.०१. आर्सेनिक तेच, मानवी शरीरही तेच; बदलले ते पुरावे, उपकरणे आणि कितपत जोखीम सोसायची याविषयीचा निर्णय. त्यातही ०.०१ हा आकडा संघटनेने 'तात्पुरता' म्हटलेला आहे. त्याखाली धोका संपतो असा त्याचा अर्थ नाही; त्याहून कमी आर्सेनिक खात्रीने मोजणे आणि पाण्यातून काढणे व्यवहारात अवघड आहे, हेही त्या आकड्यामागचे कारण आहे. अमेरिकेने हीच मर्यादा २००१ मध्ये स्वीकारली आणि ती २००६ च्या जानेवारीपासून लागू केली. मधल्या वादाचा मोठा भाग लहान वस्त्यांच्या पाणीयोजनांना शुद्धीकरणाचा खर्च कसा झेपणार, याविषयी होता. म्हणजे अहवालाच्या शेवटच्या रकान्यातील त्या शेऱ्यात विषशास्त्र आहे, माझ्यासमोरच्या उपकरणाची कुवत आहे आणि कोणाच्या तरी अंदाजपत्रकाचा हिशेबही आहे.

हे ऐकल्यानंतर दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले आणि नेहमीप्रमाणे आर्सेनिक मोजणाऱ्या ॲटॉमिक ॲब्झॉर्प्शन उपकरणावर आधी ब्लँक, म्हणजे आर्सेनिक नसलेले द्रावण, मग माहीत असलेल्या प्रमाणाची पाच स्टँडर्ड द्रावणे लावली. उपकरण जुळवण्याची, म्हणजे कॅलिब्रेशनची, रेषा सरळ आली. एका नमुन्याचे वाचन ०.००९ आले आणि दुसऱ्याचे ०.०११. या पातळीवर आमच्या मोजणीतील अनिश्चितता लक्षात घेतली तर हे दोन नमुने एकमेकांपासून वेगळे आहेत असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. अहवालात मात्र एक पास होतो आणि दुसरा नापास. हे मला माहीत नव्हते असे नाही. पण कुठेतरी रेघ ओढावीच लागते, ती ओढणे हा निर्णय असतो आणि तो निर्णय उपकरण घेत नाही, एवढ्या स्पष्टपणे मी त्याकडे कधी पाहिले नव्हते. रेघ ओढू नये असे मी म्हणत नाही. ती नसती तर बांगलादेशासारख्या ठिकाणी कूपनलिकांच्या आर्सेनिकयुक्त पाण्याने लाखो लोकांचे जे नुकसान झाले त्याला नावसुद्धा देता आले नसते.

आता भाषेविषयी. व्याख्याने इंग्रजीत होती आणि खाली यंत्राने केलेली मराठी उपशीर्षके येत. या विद्याशाखेतील एका मध्यवर्ती कल्पनेचे भाषांतर यंत्राने 'तथ्यांचे सामाजिक बांधकाम' असे केले होते, आणि तीन आठवडे माझ्या डोळ्यांसमोर विटा आणि सिमेंट येत राहिले. हा केवळ भाषांतराचा प्रश्न नाही. मराठीत 'बनवलेले' म्हटले की शेजारीच 'बनावट' उभे असते, आणि एखाद्याला 'बनवणे' म्हणजे फसवणे. त्यामुळे तथ्ये बनवली जातात असे म्हणताच ऐकणाऱ्याला ती खोटी आहेत असेच वाटते. 'घडवणे' हा शब्द मला अधिक योग्य वाटतो. मडके घडवलेले असते. ते कोणी घडवले, कोणत्या मातीतून, कोणत्या चाकावर, हे सांगता येते, आणि तरीही त्यात पाणी राहते. तथ्यांच्या घडणीचा अभ्यास म्हणजे तथ्ये नाकारणे नव्हे, हे त्या एका शब्दाने साधले असते. ब्रुनो लाटूर आणि स्टीव्ह वूलगर या विज्ञानाच्या अभ्यासकांनी कॅलिफोर्नियातील एका जीवशास्त्रीय प्रयोगशाळेच्या निरीक्षणावरून १९७९ मध्ये जो ग्रंथ लिहिला, त्याच्या उपशीर्षकातील 'सामाजिक' हा शब्द त्यांनी स्वतःच १९८६ च्या आवृत्तीतून वगळला, ही गोष्ट व्याख्यानात सांगितली गेली. पण का वगळला याची चर्चा जेमतेम दोन वाक्यांत आटोपली. शब्दांविषयी इतकी काळजी घेणाऱ्या विषयाच्या अभ्यासक्रमात उपशीर्षके एखाद्या जाणकाराने एकदा तरी वाचून पाहायला हवी होती.

नववा आठवडा एड्सच्या रुग्णचळवळीचा होता आणि तोही चांगला होता. न्यूयॉर्कमध्ये १९८७ साली उभ्या राहिलेल्या 'ॲक्ट अप' या संघटनेतील कार्यकर्ते विषाणुशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकले, औषधचाचण्यांच्या रचनेवर त्यांनी नेमके आक्षेप घेतले आणि काही वर्षांत ते चाचण्या आखणाऱ्या समित्यांवर बसले. मरणाच्या दारात असलेल्या रुग्णाला निष्प्रभ गोळी देणे योग्य आहे का, आणि सहभागी रुग्ण आपसात औषध वाटून घेत असतील तर त्या चाचणीच्या निष्कर्षाला काय किंमत उरते, या प्रश्नांत नीती आणि पद्धतिशास्त्र वेगळे काढताच येत नाहीत. स्टीव्हन एपस्टीन यांनी १९९६ मध्ये केलेली या चळवळीची मांडणी वाचनात होती. ती लांब आहे, तरी सोडू नये.

दहाव्या आठवड्याविषयी मात्र माझी गंभीर तक्रार आहे. तंत्रज्ञानातही राजकारण असते, हे सांगण्यासाठी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील कमी उंचीच्या पुलांची गोष्ट सांगण्यात आली. न्यूयॉर्कमधील सार्वजनिक बांधकामांचे प्रभावी अधिकारी रॉबर्ट मोझेस यांनी ते पूल मुद्दाम इतके बुटके बांधले की बसगाड्या खालून जाऊ नयेत आणि बसने प्रवास करणारे गरीब आणि कृष्णवर्णीय लोक समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोहोचू नयेत, ही ती गोष्ट. लँग्डन विनर या अभ्यासकाने १९८० च्या लेखात ती प्रसिद्ध केली. परंतु १९९९ मध्ये बर्नवर्ड योर्गेस यांनी दाखवून दिले, की त्या रस्त्यांवर बसगाड्या आणि मालवाहू वाहनांना तशीही परवानगी नव्हती आणि किनाऱ्यावर जायला अन्य मार्गही होते. पुलांच्या उंचीमागील हेतूविषयी अजूनही मतभेद आहेत. हा वाद या विद्याशाखेत सर्वांना ठाऊक आहे. तरीही अभ्यासक्रमात ती गोष्ट सिद्ध झालेली म्हणून सांगितली गेली आणि प्रश्नावलीत तिच्यावर प्रश्नही आला, ज्याचे 'बरोबर' उत्तर विनर यांनी सांगितलेल्या गोष्टीप्रमाणे होते. एखादा दावा पुन्हापुन्हा सांगितल्याने तथ्य कसा होतो हे शिकवणाऱ्यांनी स्वतः असे करणे मला फार खटकले. मी तसे लेखी कळवले. आभाराचे स्वयंचलित पत्र आले, त्यापुढे काही झाले नाही.

त्याच आठवड्याचा गृहपाठ मात्र उत्तम होता. घरातील एक साधन घेऊन, ते कोणाला समोर ठेवून घडवले गेले याचा शोध घ्या, असे सांगितले होते. मी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर निवडला. त्याची एक बाजू तांबडा आणि अवरक्त प्रकाश बोटातून पाठवते, दुसरी बाजू पलीकडे किती प्रकाश पोहोचला ते मोजते, आणि नाडीबरोबर बदलणाऱ्या भागावरून रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण काढले जाते. यामागील कल्पना ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याची, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची. पण पडद्यावर जो टक्का दिसतो तो थेट मोजलेला नसतो. निरोगी स्वयंसेवकांवर आधी केलेल्या मोजण्यांशी ताडून तो दिला जातो. ते स्वयंसेवक प्रामुख्याने गोऱ्या कातडीचे असतील तर काय होईल? १९९० मध्येच सावळ्या त्वचेच्या रुग्णांत चुकीची वाचने अधिक येतात, अशी नोंद एका अभ्यासात झाली होती. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील रुग्णांच्या अभ्यासातून असे दिसले, की रक्तातील ऑक्सिजन प्रत्यक्षात धोकादायकरीत्या कमी असूनही ऑक्सिमीटरने तो ठीक दाखवण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट होते. मधली तीस वर्षे ती नोंद कागदावर पडून होती. साथीच्या काळात मी हेच यंत्र घरातल्या सर्वांच्या बोटाला लावून आकडे वहीत लिहिले होते. यंत्र निरुपयोगी नाही, त्याने असंख्य जीव वाचवले आहेत. म्हणूनच ते कोणाच्या बोटावर जुळवले गेले हे विचारणे आवश्यक आहे.

या अभ्यासक्रमातली सर्वांत मोठी पोकळी मला अकराव्या आठवड्यात जाणवली. तोपर्यंत आम्हाला प्रश्न विचारायला शिकवले होते: हा दावा कोणाचा, कोणासाठी, कोणत्या पुराव्यावर, कोणाला वगळून. पण प्रामाणिक शंका आणि हेतुपुरस्सर पेरलेली शंका यांतला फरक कसा ओळखायचा, यावर एकही व्याख्यान नव्हते. १९५४ च्या जानेवारीत अमेरिकेतील तंबाखू कंपन्यांनी चारशेहून अधिक वृत्तपत्रांत पानभर जाहिरात दिली आणि धूम्रपान आणि कर्करोग यांच्या संबंधाविषयी तज्ज्ञांत एकमत नाही असे लोकांच्या मनावर बिंबवायला सुरुवात केली. ती मोहीम अनेक दशके चालली. तिथे वापरलेली भाषा संशयाची, अधिक संशोधनाच्या मागणीची, म्हणजे अगदी विज्ञानाचीच होती. लाटूर यांनी स्वतः २००४ मध्ये ही चिंता व्यक्त केली, की विज्ञानाची चिकित्सा करण्यासाठी घडवलेली हत्यारे आता हवामानबदल नाकारणाऱ्यांच्या हाती दिसत आहेत. त्या लेखाचा उल्लेख वाचनयादीत होता, व्याख्यानात नव्हता. भौतिकशास्त्रज्ञ ॲलन सोकल यांनी १९९६ मध्ये मुद्दाम अर्थहीन लेख एका सांस्कृतिक अभ्यासाच्या नियतकालिकात छापून आणला, त्या प्रकरणाचीही अशीच पाच मिनिटांत बोळवण झाली. एखाद्या विद्याशाखेवरील सर्वांत गाजलेला हल्ला तिच्या विद्यार्थ्यांनी सविस्तर वाचायला हवा. लसींविषयी शंका घेणारा नातेवाईक मला 'तुम्हीच तर म्हणता तथ्ये घडवली जातात' असे म्हणाला, तर त्याला काय उत्तर द्यायचे ते मला मेंढ्यांच्या आठवड्यातून थोडे सुचले. पण ते मी स्वतः जुळवले, अभ्यासक्रमाने हाती दिले नाही.

मूल्यमापनाविषयी थोडक्यात सांगते. बहुपर्यायी प्रश्नावल्या स्मरणाची परीक्षा घेतात, समजुतीची नाही. अंतिम निबंध तीन सहाध्यायांनी तपासायचा होता. माझा निबंध आर्सेनिकच्या मर्यादेवर होता; दोघांनी मनापासून वाचून उपयुक्त सूचना केल्या, तिसऱ्याने एकाही शब्दाचे कारण न देता निम्म्याहून कमी गुण दिले आणि फेरतपासणीची सोय नव्हती. सहभागाचे महत्त्व बारा आठवडे शिकवणाऱ्या अभ्यासक्रमात सहभागींचे म्हणणे ऐकून घेण्याची व्यवस्था नसावी, याचे मला वाईट वाटले. थेट चर्चासत्रे याला अपवाद होती. तेथे व्याख्याते स्वतः येत, प्रश्न पूर्ण होऊ देत आणि माहीत नसेल तर तसे सांगत. अशाच एका सत्रात एका परिचारिकेने ऑक्सिमीटरविषयी आपला वॉर्डातला अनुभव सांगितला, तेव्हा तासभर दुसरे कोणीच बोलले नाही.

अभियांत्रिकी, वैद्यक, प्रयोगशाळा किंवा विज्ञानाचे शिक्षण या क्षेत्रांत काही वर्षे काम केलेल्यांना मी हा अभ्यासक्रम निःसंकोच सुचवेन, कारण त्यांच्याकडे जुळवून पाहण्यासाठी स्वतःची उदाहरणे असतात. नुकतीच बारावी झालेल्याला तो सैद्धांतिक आणि काहीसा गोंधळवणारा वाटेल. वेळ कमी असेल तर तिसरा, सहावा, आठवा आणि नववा हे आठवडे नीट करावेत. पहिले दोन वाचनापुरते ठेवावेत, आणि दहाव्याचा गृहपाठ करून पुलांची गोष्ट अन्यत्र पडताळून घ्यावी. उपशीर्षके बंद ठेवलेली बरी. अभ्यासक्रम संपल्यावर व्याख्याने फक्त तीन महिने पाहता येतात, म्हणून टिपणे वेळीच काढून ठेवावीत. माझ्या मेंढ्यांच्या आठवड्याच्या टिपणांची वही सध्या प्रयोगशाळेतल्या टेबलाच्या खणात, नोंदवहीशेजारी आहे. त्या बाई पुन्हा आल्या तर १९५८, १९६३ आणि १९९३ या तीन तारखांपासून त्यांना सांगायला सुरुवात करता येईल.